विश्लेषण : पेटीवाले काका आले नाहीत की भजन का बिघडतं? साथीला बसणारा नेमकं काय करतो?

एकादशीची दुपार, सोसायटीचा हॉल, सतरंजीवर पंधरा-वीस बायका, हातात टाळ, समोर वहीत उतरवलेले अभंग. चार वाजता भजन सुरू व्हायचं असतं आणि पावणेचारला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो : ‘आज पेटीवाले काका येऊ शकत नाहीत.’ चर्चा होते. टाळ आहेत, तबला आहे, अभंग सगळ्यांना पाठ आहेत, काय अडतंय?

पहिला अभंग कुणीतरी उत्साहाने उचलतं. ध्रुवपद बरं जातं. अंतऱ्याला चाल वर चढते आणि अर्ध्या बायकांचे आवाज थांबतात, कारण तितका वरचा स्वर त्यांच्या गळ्यात नाही. पुढच्या वेळी सावधगिरी म्हणून खालून सुरुवात होते, तर आता शेवटची ओळ ऐकूच येत नाही. तिसऱ्या अभंगापर्यंत तबल्याचा स्वर एक आणि गाणाऱ्यांचा दुसराच झालेला असतो. भजन होतं, प्रसादही वाटला जातो. पण घरी जाताना ‘आज काही रंगलं नाही’ असं प्रत्येकीला वाटत असतं.

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या भजनी मंडळांना हा अनुभव नवा नाही. मुख्य गायिका आली नाही तर दुसरी कुणी पुढे बसते. पेटीवाला आला नाही तर त्याच्या जागी बसवायला बहुतेक वेळा कुणीच नसतं. असं का होतं?

पेटीवाल्याचं काम ‘चाल वाजवणं’ इतकंच नाही का?

बाहेरून तसंच दिसतं. कुणीतरी गातं, तेच स्वर पेटीवर वाजतात, मागून सगळे ओळ झेलतात. पण मैफलीतली साथ आणि भजनातली साथ यांत मोठा फरक आहे. मैफलीत एक तयार गवई असतो. त्याला आपली पट्टी माहीत असते, तंबोरे त्या पट्टीला लावलेले असतात आणि पेटीवाला त्याच्या मागून जातो. भजनात गाणारे वीस असतात. त्यातले दोन-तीन शिकलेले, पाच-सहा चांगल्या कानाचे आणि उरलेले मनापासून गाणारे. या सगळ्यांना एका स्वरावर आणायचं आणि पुढचा तासभर तिथेच ठेवायचं, हे काम पेटीवाल्याचं. गायक चुकला तर त्याला सांभाळायचं, कोरस भरकटला तर त्याला परत आणायचं, आणि हे करताना आपण काही केलं असं कुणाला जाणवूही द्यायचं नाही.

इथे एक खुलासा हवा. कोकणातल्या डबलबारीत बुवा आणि पेटीवाला बहुतेक वेळा एकच माणूस असतो. बुवा स्वतः पेटी घेऊन बसतो, शेजारी पखवाज, मागे झांज आणि कोरस. समोर दुसरी बारी तशीच बसलेली. तिथे नाव बुवांचंच होतं आणि गर्दीही त्यांच्याच नावावर जमते. हा लेख त्या बुवांविषयी नाही. गावच्या देवळातलं मंडळ, शहरातलं महिला भजनी मंडळ, सप्ताहातलं संगीत भजन अशा ठिकाणी दुसऱ्याच्या गाण्याला साथ करायला बसणाऱ्या माणसाविषयी आहे.

आणि चालत्या दिंडीचं काय? तिथे वीणा, टाळ आणि मृदंग असतो, पेटी नसते. पेटी बैठकीचं वाद्य आहे. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळंही प्रामुख्याने टाळ आणि ढोलकीवर चालतात. ती भजनं काही बेसूर होत नाहीत, पण स्वर गाणाऱ्यांबरोबर सरकत राहतो आणि गर्दीच्या डब्यात त्याने काही बिघडतही नाही. बैठकीच्या भजनात सूर लावलेला तबला किंवा पखवाज शेजारी असतो, चाली अवघड असतात. तिथे सरकलेला स्वर लगेच कानाला खुपतो.

पट्टी कोण ठरवतं, आणि कुणासाठी?

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. यातल्या कुठल्या पट्टीला ‘सा’ मानून गायचं, ती त्या गाण्याची पट्टी. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही नावं तिथूनच आली. शास्त्रीय गाण्यात पुरुष गायक साधारण काळी एकच्या आसपास आणि गायिका काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात. काळी एक म्हणजे मधल्या सप्तकात सुमारे २७७ हर्ट्झ आणि काळी चार म्हणजे सुमारे ४१५. दोन्हींत सात पट्ट्यांचं अंतर. स्त्री-पुरुष एकत्र गात असतील तर हे अंतर कुठेतरी मिटवावं लागतं.

महिला मंडळात हा प्रश्न येत नाही, पण दुसरा येतो. मंडळात पस्तिशीची सून असते आणि पंचाहत्तरीच्या आजीही. वय वाढतं तसा बायकांचा आवाज सहसा खाली उतरतो, वरचे स्वर अवघड होतात. काळी चारमध्ये सुरू झालेलं मंडळ काही वर्षांनी पांढरी चारमध्ये गाताना दिसतं, म्हणजे तीन पट्ट्या खाली. हा बदल बैठक घेऊन ठरत नाही. पेटीवाला एखाद्या चातुर्मासात हळूच एक पट्टी खाली घेतो. कुणी विचारलंच तर ‘आज पेटी थोडी जड आहे’ असं काहीतरी सांगतो. आजींचा आवाज बसत चाललाय हे सगळ्यांसमोर म्हणायची वेळ तो येऊ देत नाही.

पट्टी निवडताना त्याला प्रत्येक अभंगाची चढउतारही माहीत असावी लागते. एखादी चाल मध्य सप्तकाच्या पंचमापर्यंत जाऊन परत येते, दुसरी तार सप्तकातल्या गंधाराला हात लावते. सगळं एकाच पट्टीत गायचं तर कुठेतरी गळा अडणारच. मग प्रत्येक अभंगाला पट्टी बदलायची का? तिथे अडचण तबल्याची किंवा पखवाजाची. ही वाद्यं एका स्वराला लावलेली असतात. दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन ती चढवत-उतरवत बसता येत नाही.

यावर पेटीवाल्यांकडे जुनी युक्ती आहे, ‘मध्यमाला सा करणं’. मूळ पट्टीतला मध्यम नवीन षड्ज मानायचा आणि चाल तिथून वाजवायची. असं केलं की मूळ ‘सा’ नव्या पट्टीचा पंचम होतो. पंचम हा षड्जाशी सगळ्यात जास्त जुळणारा स्वर, म्हणून पखवाज न बदलताही जुळलेलाच ऐकू येतो. खालच्या सप्तकात घुटमळणारी चाल अशी वर उचलली जाते आणि शेवटच्या रांगेतल्या बाईलाही गाता येते. ऐकणाऱ्याला फक्त इतकंच कळतं की हा अभंग जरा खुलला. पेटीवाल्याची बोटं मात्र आता सगळी चाल वेगळ्याच पट्ट्यांवर वाजवत असतात.

‘स्केल चेंजर’ पेटीत पट्ट्यांचा अख्खा संच बाजूला सरकवता येतो, त्यामुळे बोटं तीच ठेवून पट्टी बदलते. सोय मोठी आहे. पण अशी पेटी महाग आणि वजनालाही जड असते. शिवाय पट्टी कधी बदलायची, हा निर्णय ती घेत नाही.

गाणारा चुकला तर?

सगळ्यात नेहमीचा प्रसंग असा. पेटीवाला स्वर देतो, पण गाणारी व्यक्ती भावनेच्या भरात दुसऱ्याच स्वरावर अभंग उचलते. थांबवणं अशक्य असतं, कारण टाळ सुरू झालेले असतात. मग पहिल्या ओळीच्या आतच नवा ‘सा’ शोधून बोटं तिथे न्यायची. कधी तो स्वर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत असतो, पेटीवर नसलेलाच. अशा वेळी जाणकार पेटीवाला पहिली ओळ जवळपास न वाजवता जाऊ देतो. ध्रुवपद कोरसकडे आलं की जवळची पट्टी घेऊन भाता जोरात चालवतो. वीस जण पेटीचा स्वर पकडतात आणि त्यांच्या ओघात मुख्य गायकही तिथे येतो. गायकाला कळतही नाही.

दुसरा प्रसंग स्वर उतरण्याचा. आधाराशिवाय गाणारा समूह हळूहळू खाली घसरतो, ही जगभरच्या समूहगायनातली ओळखीची गोष्ट आहे. पेटीचे स्वर ठोकलेले असल्यामुळे ती घसरण थांबते. पण सतत मोठ्याने वाजवून ती थांबवली तर पेटीच ऐकू येते, भजन नाही. म्हणून डाव्या हाताचा भाता महत्त्वाचा. मुख्य गायक गात असताना भाता अगदी अलगद, कोरस आला की भरून. ज्या पेटीत खर्ज, नर आणि मादी असे तीन प्रकारचे सूर बसवलेले असतात, तिथे कोरसच्या वेळी खर्जाचा स्टॉपर उघडला की मागे भिंत उभी राहावी तसा आधार मिळतो.

आणि शब्द विसरले तर? पेटीवाला शेवटची ओळ पुन्हा वाजवतो, जणू चालीतच तशी जागा आहे. तेवढ्यात वहीचं पान सापडतं.

लयीचंही तसंच. आठ मात्रांचा भजनी ठेका सुरुवातीला संथ असतो. रंग चढत गेला की टाळकरी वेग वाढवू लागतात. पखवाजवादक आणि पेटीवाला यांची नजरानजर होते आणि लय कुठपर्यंत जाऊ द्यायची हे ठरतं. यात पखवाजवाल्याचा वाटा मोठा. त्याच्यावर वेगळा लेख होईल.

पेटी तर परदेशी, मग भजनात आली कशी?

हार्मोनियम पॅरिसची. अलेक्झांडर दबॅं यांनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला या नावाने वाद्याचं पेटंट घेतलं. ते खुर्चीवर बसून, पायाने भाता चालवून वाजवायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर बसून वाजवता येईल असं केलं. भाता मागे गेला, डाव्या हाताला काम मिळालं. पुढे संगीत नाटकांनी पेटी महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला मैफलीत प्रतिष्ठा दिली.

विरोधही झाला. मार्च १९४०पासून आकाशवाणीने पेटीची साथ बंद केली आणि ही बंदी तीसेक वर्षं टिकली. १९७१च्या सुमारास ती अंशतः उठली. आक्षेप दोन होते. एक, पेटीवर मींड काढता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. दुसरा आक्षेप गणिताचा. पेटीचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं असतं, प्रत्येक भाग १०० सेंटचा. नैसर्गिक शुद्ध गंधार ‘सा’पासून ३८६ सेंटवर असतो, पेटीवरचा ४०० वर. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंट चढा. तयार कानाला हा फरक टोचतो. यावर उपाय म्हणून डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियमही बनवली.

भजनी मंडळांवर मात्र या वादाचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही. कारण उघड आहे. हौशी गाणाऱ्या वीस जणांच्या आवाजांत आपसातला फरकच १४ सेंटपेक्षा सहज मोठा असतो. त्यांना श्रुतीच्या नेमकेपणापेक्षा सगळ्यांना ऐकू येणारा, न हलणारा स्वर हवा होता. मींड न येणं हा मैफलीतला दोष इथे चक्क सोयीचा ठरला.

भजनाचा हंगाम आणि पेटीचा शत्रू एकाच महिन्यात

भजनाचे सगळ्यात धावपळीचे दिवस म्हणजे श्रावण आणि भाद्रपद. कोकण-गोव्यात पावसाचा जोरही याच काळात. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर हिरवट थर येतो, भात्याच्या कापडाला आणि आतल्या चामड्याला बुरशी लागते. झुरळं आणि उंदीर वेगळेच. म्हणून पेटीवाला हा अर्धा कारागीरही असतो. अडकलेली पट्टी मोकळी करणं, सुरात अडकलेला कचरा फुंकून काढणं, भात्याला ठिगळ लावणं एवढं तो स्वतः करतो.

सूर उतरला तर गोष्ट कठीण. सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. ती टोकाकडे घासली की हलकी होऊन स्वर चढतो, बुडाकडे घासली की स्वर उतरतो. घासणं अगदी थोडं, मध्ये पुन्हा पुन्हा स्वर तपासून. जास्त घासलं गेलं की तो सूर फेकून नवा बसवायचा. गुजरातमधलं पालिताणा हे गाव अशा सुरांच्या निर्मितीसाठी ओळखलं जातं. हे काम नीट करणारे कारागीर मोठ्या शहरांत भेटतात. वाडीतल्या पेटीला त्यासाठी एसटीचा नाहीतर रेल्वेचा प्रवास करावा लागतो आणि तोही गणपतीच्या आधी, म्हणजे सगळ्यांच्याच पेट्या दुकानात पोहोचतात तेव्हा.

गावात त्याची जागा काय?

गणपतीच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाड्यांमध्ये भजन घरोघरी फिरतं. मुंबईहून चाकरमानी आलेले, प्रत्येक घरात मूर्ती आणि प्रत्येक घराला आपल्याकडे भजन व्हावं ही इच्छा. पहिलं घर रात्री आठ-नऊला, शेवटचं मध्यरात्र उलटल्यावर. कुठे चहा, कुठे उसळ. दहा-पंधरा किलोंची पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कुणाच्या तरी खांद्यावर, वाट चिखलाची. टाळकरी आलटून पालटून झोपायला जातात. पेटीवाल्याला बदली नसते.

सप्ताहात तर घड्याळच फिरतं. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह शंभरहून अधिक वर्षांचा. चोवीस तास, अखंड भजन. महाराष्ट्रातल्या अखंड हरिनाम सप्ताहातही वीणा खाली ठेवायची नसते, पहारे लावलेले असतात. पहाटे तीनच्या पहाऱ्याला गाणारे चार जण असले तरी त्यांना स्वर द्यायला कुणीतरी लागतंच.

आनंदाच्या प्रसंगांखेरीज तो आणखी एका वेळी लागतो. घरात मृत्यू झाल्यावर दिवसकार्याच्या काळात अनेक ठिकाणी भजन ठेवतात. तिथे सूर लावणं हे वेगळंच काम. घरचं माणूस गायला लागतं आणि मध्येच आवाज फुटतो. त्या वेळी पेटी थांबली तर शांतता अंगावर येते. पेटीवाला ओळ पुढे नेतो, बाकीचे तिच्यात मिसळतात, आणि रडणाऱ्याला पुन्हा गाण्यात यायला वेळ मिळतो. वर्षानुवर्षं एका गावात साथ करणाऱ्याने जवळपास प्रत्येक घरात असं एकदा तरी केलेलं असतं.

शिकवणंही त्याच्याकडेच येतं. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धा असतात, महिला आणि मुलांच्या गटांसह. स्पर्धेची तयारी म्हणजे मुलांना स्वरात उभं करणं, आणि ते पेटीपाशीच होतं. पद्मश्री मिळालेले हार्मोनियमवादक पं. तुळशीदास बोरकर हे फोंड्याजवळच्या बोरीचे. मैफलीच्या साथसंगतीतलं इतकं मोठं नाव या मातीतून येणं याचं नवल वाटायला नको.

गोव्यातल्या चर्चमध्ये याच कामाची दुसरी परंपरा आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणारा संगीतशिक्षकच रविवारी कॉयरला साथ करायचा. त्या शाळांत तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वाद्यवृंदांत गेले. अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये कॉयरमास्टर होते. संगीतकार प्यारेलाल हे अँथनी यांचे शिष्य आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात आलेलं नाव हे त्या गुरूंचंच. मात्र त्या गुरूंच्या आधी एका गावच्या कॉयरला सांभाळणारा त्यांचा बाप होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

मोबाइलवरचा ट्रॅक हे काम करेल का?

काही प्रमाणात करतोच आहे. तंबोरा आणि तबल्याची अ‍ॅप्स बऱ्याच मंडळांत पोहोचली आहेत. तयार ट्रॅक ब्लूटूथ स्पीकरवर लावून गाणारी मंडळंही आहेत. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर ट्रॅकची पट्टी वर-खाली करता येते, वेगही बदलता येतो. सरावासाठी त्याचा उपयोग चांगलाच होतो. अनेक पेटीवाले स्वतःच नव्या चाली पेटीवर वाजवून त्याचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाकतात.

अडचण वाट बघण्याची आहे. ट्रॅक सुरू झाला की तो आपल्या वेगाने संपतो. गाणारीने श्वास घेतला, शब्द चुकला, एखादी ओळ आवडून तीनदा घ्यावीशी वाटली तर ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. मग हळूहळू मंडळच ट्रॅकसारखं गायला लागतं : ध्रुवपद दोनदा, अंतरा एकदा, संपलं. ज्यांना त्या वेगात बसता येत नाही, त्या टाळ वाजवत गप्प राहतात. यात सगळ्यात आधी कोण गप्प होतं हे वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे, नवे पेटीवाले तयार होण्याचा वेग कमी आहे. पेटी शिकणारी मुलं नाहीत असं नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हार्मोनियम हा विषय आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या पायऱ्या आहेत. पण तिथे तयारी होते ती राग वाजवण्याची. वीस जणांच्या मागे बसून त्यांचा श्वास ओळखण्याचं शिक्षण जुन्या पेटीवाल्याच्या शेजारी बसूनच मिळतं. त्याला काही वर्षं जातात आणि त्या वर्षांत हाती काही पडत नाही. नोकरीसाठी बाहेर पडलेला मुलगा गणपतीला पाच दिवस येतो, तेवढ्यात ते होत नाही.

पैसे आणि कागद

गावच्या भजनात पेटीवाल्याला मिळतो तो नारळ, कधी पाकीट. शहरातल्या मंडळांत महिन्याचं मानधन ठरलेलं असतं, पण तेही मंडळाच्या वर्गणीतून. बरेच जण नोकरी, शेती किंवा शिकवण्या सांभाळून हे करतात.

राज्य सरकारने २०२५च्या गणेशोत्सवाच्या निमित्ताने भजनी मंडळांसाठी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं. ते साहित्यासाठी, म्हणजे टाळ, पखवाज, पेटी यांसाठी. ते गरजेचं आहेच, जुन्या पेट्यांची अवस्था बघता जास्तच. पण त्यातून पेटी येते, पेटीवाला येत नाही.

वयस्क कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या पात्र कलावंताला महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. अर्जासोबत उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर कलेतल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात : कार्यक्रमाच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, बातम्यांची कात्रणं, फोटो. निवड जिल्हास्तरावरची समिती करते.

इथे पेटीवाल्याची पंचाईत होते. सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकाराचं नाव ठळक असतं, भजनाच्या ओळीत बुवांचं किंवा मंडळाचं नाव, आणि पुढे ‘आणि सहकारी’. फोटो समोरून काढलेला असतो, गाणाऱ्यांचा. पेटीच्या मागे कुणीतरी मान खाली घालून बसलंय इतकंच दिसतं. तीस वर्षं साथ करून हातात आपल्या नावाचा एकही कागद नसणं यात काही अशक्य नाही.

काही मंडळांच्या पत्रिकांवर ‘हार्मोनियम साथ’ अशी वेगळी ओळ असते आणि तिच्यापुढे पूर्ण नाव. छापखान्यात मजकूर देताना ती एक ओळ वाढवायला जादा पैसे पडत नाहीत. पत्रिका छापून झाली की तिची एक प्रत पेटीवाल्याने स्वतःच्या फाइलीत तारखेसकट लावून ठेवावी, अर्जाच्या वेळी तीच उपयोगी पडते.